भोकांच्या पट्ट्यांचा मांडव

आमच्या घरात रबरी नळी एकच होती. काळी, अंगठ्याएवढी जाड, सहा-सात हात लांब. कंपनीनं टाकून दिलेल्या सामानातून अण्णांनी ती उचलून आणली होती. सकाळी नळाला पाणी आलं की आई तिचं एक टोक नळाला बसवायची आणि दुसऱ्या टोकानं वांग्यांना, मिरच्यांना, दोडक्याला पाणी द्यायची. संध्याकाळी तीच नळी दुहेरी दुमडून अण्णांच्या हातात असायची. आत सकाळचं थोडं पाणी राहिलेलं असायचं, ते मारताना अंगावर उडायचं, भिंतीवर उडायचं, कधी स्टोव्हवरच्या तव्यावर पडून चर्र वाजायचं. वळ उठायचे ते ओले. मी आज साठीच्या पुढं आहे. आमच्या सोसायटीतला माळी फरशीवरून नळी ओढत नेतो तेव्हा जो आवाज होतो, तो ऐकला की अजून माझे खांदे आपोआप वर जातात. बायका विचारतात, मॅडम, थंडी वाजतेय का? मी हो म्हणते.

भोसरीला एमआयडीसीच्या कडेला सहा खोल्यांची एक ओळ होती, त्यातली शेवटची आमची. पुढच्या दारी गटार आणि रस्ता, मागच्या दारी दहा बाय आठचा सिमेंटचा कोबा, आणि कोब्याच्या पलीकडे एका प्रेसशॉपची पत्र्याची भिंत. तो कोबा आईचा. आई बीड जिल्ह्यातली. माती नाही तिथं काय लावायचं, हा प्रश्न तिला पडलाच नाही. ग्रीसचे रिकामे डबे, रंगाचे डबे, आडवी कापलेली तेलाची पिंपं, फुटका माठ, जे मिळेल ते तिनं आणून राखेनं तीन-तीनदा घासलं, तळाला खिळ्यानं भोकं पाडली आणि कुठून कुठून पाट्यांनी माती वाहिली. वांगी, मिरच्या, आंबट चुका, शेपू, कोथिंबीर. आणि पत्र्याच्या भिंतीला लागून दोडक्याचा मांडव. मांडवाला बांबू नव्हते. आमच्याकडे सगळे कुंपणाला, मांडवाला, खुराड्याला वापरायचे तेच होतं, भोकांच्या पट्ट्या. लोखंडाच्या लांब पट्टीतून प्रेस एकेक गोल वायसर, म्हणजे नटाखालची चकती, कापून घेतो, मागं उरते ती नुसत्या भोकांची पट्टी. ती भंगारात जाते. कडा ब्लेडसारख्या. उभी करून तारेनं बांधली की दोडक्याचे तणावे त्या भोकांतून असे वर चढायचे की जणू कुणी त्यांच्यासाठीच पाडून ठेवली आहेत. त्या पट्ट्या अण्णांच्याच हातच्या होत्या. शिफ्टभर ते तेच करायचे, पायानं पॅडल, हातानं पट्टी पुढं, धाड्. पट्टी पुढं, धाड्. माझ्या जन्माआधी त्या धाड्नं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं घेतली होती. कानही जवळजवळ गेलेच होते, म्हणून ते साधं बोलले तरी ओरडल्यासारखं वाटायचं, आणि ओरडले तर सहाही खोल्यांतल्या बायका हातातलं काम थांबवायच्या.

लोक मला विचारतात, प्यायचे का? नाही. दारूला ते आयुष्यात शिवले नाहीत. शुद्धीत मारायचे. चहाला उशीर झाला म्हणून एकदा त्यांनी आईचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. कपाळ फुटलं, पदर भिजला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपाळाला चिंधी बांधून कोब्यावर बसली होती आणि चपलेखाली धणे रगडून डब्यात पेरत होती. मला चौथीपासून मार होता. दारात उभी राहिले म्हणून, हसले म्हणून, एकदा तर परीक्षेत पास झाले ते शेजारणीला आधी सांगितलं म्हणून. मार खाल्ल्याच्या दिवशी आईच्या हातची भाजी जास्त तिखट व्हायची. ती मुद्दाम करायची की कसं, कोण जाणे. भरताचं वांगं ती स्टोव्हवर काळं होईपर्यंत भाजायची, सोलून पाट्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे ओबडधोबड वाटून त्यात घालायची, वरून चुक्याची दोन पानं चुरायची. दोडक्याची साल काढायची नाही, शिरा वेगळ्या काढून तीळ घालून चटणी. आम्ही तिघं गोल बसून जेवायचो. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, माझ्याही, आईच्याही. तिखटानं. ते म्हणायचे, "भाकरी वाढ." आई वाढायची. पलीकडं धाड्, धाड् चालूच असायचं. भारीपैकी स्वयंपाक होता तिचा, हे मी कुणाहीपुढं सांगेन.

मी कॉलेजात जात होते. हे वाक्य आज काहीच नाही, पण आमच्या सात पिढ्यांत ते कुणी म्हटलेलं नव्हतं. आई अंगठा उठवायची, अण्णा सहीपुरते. मी रोज दोन बस बदलून जायचे, वह्या छातीशी धरून, आणि ओळीतल्या बायका म्हणायच्या, "कौसाबाई, तुमची शोभा म्हंजे मडमच झाली की." आई म्हणायची, "व्हायलीय. तुमच्या डोळ्यांदेखत व्हायलीय." तेवढ्यापुरती ती उंच दिसायची. माझं दुसरं वर्ष संपत आलं होतं आणि एकच राहिलं होतं, तेव्हाची ही गोष्ट आहे.

मे महिना होता, सोमवार. अण्णा पहिल्या शिफ्टहून आले, हातपाय धुतले, आणि कोब्यावर उकिडवे बसून म्हणाले, "रविवारी बघायला यायलेत."

"कुणाला?" आई वांग्यातली पिवळी पानं काढत होती.

"म्हशीला. शोभीला, अजून कुणाला? पोरगं आमच्याच शॉपातलं आहे. परमनंट आहे. दोन्ही हात शाबूत आहेत."

"एक वर्ष राहिलंय तिचं. मग बघू."

"वर्षानं काय कलेक्टर व्हायलीय का?"

"होईल नाहीतर न होईल," आई म्हणाली. मान वर केली नाही तिनं. "माझी शाळा पहिलीतच सोडवली म्हणून मी तुमच्या हाती लागले. ही नाही लागायची कुणाच्या हाती."

नळी नळालाच लावलेली होती. अण्णांनी ती ओढली ती तोटीसकट निघाली. पहिला फटका आईच्या पाठीवर बसला, दुसरा मानेवर. ती उठायला गेली तर तिसरा गुडघ्यांमागं बसला आणि ती वांग्याच्या पिंपावर आडवी झाली. पिंपाची कापलेली कड आणि सगळं अंग, यांच्यामध्ये तिचा उजवा हात सापडला. काडी मोडल्यासारखा आवाज आला. मी मध्ये पडले. नळीच्या टोकाला अडकलेली पितळी तोटी माझ्या कानावर बसली आणि कानात शिट्टी वाजायला लागली, ती तीन दिवस वाजत होती. अण्णा थांबले नाहीत. आई एका हातानं पिंप धरून बसली होती, म्हणजे मार चुकवायला नव्हे. पिंप कलंडलं होतं, ते सावरून धरायला. वांग्याला फुलं होती. शेवटी अण्णांचाच हात दुखला असावा. नळी टाकून ते बाहेर निघून गेले. मी आईला उठवायला गेले तर ती म्हणाली, "आधी ते पिंप सरळ कर."

आमची घरमालकीण पारूआक्का. गावची जुनी शेतकरीण. खोल्यांखालची जमीन तिचीच होती. तिनं बांबूच्या कांबी लावून, हळद लिंपून आईचा हात बांधला. "डागदरकडं चल, कौसाबाई," ती म्हणत होती. "हाड मोडलंय, आमी काय त्याला जोडनार न्हाई." आई नको म्हणाली. त्या रात्री तिला ताप भरला आणि पुढचे दोन दिवस ती गोधडीतून उठली नाही. त्याच दोन दिवसांत नळ कोरडा पडला. टँकर आला की मी रांगेत भांडून चार हंडे आणायचे, ते पिण्यालाच पुरत नव्हते. कोबा तव्यासारखा तापायचा, डबे हाताला चटके द्यायचे. मंगळवारी दुपारपर्यंत दोडक्याची पानं सुकलेल्या रुमालासारखी लोंबायला लागली. आई आतून विचारायची, "पाणी घातलंस का गं झाडांना?" मी हो म्हणायचे.

मंगळवारी चारच्या सुमारास अण्णा आले. हातात पाच लिटरचा पांढरा कॅन. मी मागच्या दाराशी भांडी घासत होते, मला वाटलं पिण्याचं पाणी आणलं. त्यांनी कॅन उघडला आणि तांब्यात ओतलं ते ताकासारखं पांढरं होतं. कुलंट. लेथवर लोखंड कापताना ते तापून लाल होऊ नये म्हणून त्याच्यावर सोडतात ते तेल-पाणी. गावाकडं मिरचीची पानं आकसली की बोकड्या आला म्हणून आंबट ताक घालतात, ते मीही आजोळी बघितलं होतं. अण्णांच्या डोक्यात ताक आणि कुलंट एक झालं असणार. वर्षानुवर्षं त्यांनी बघितलेलं होतं, हे पांढरं पाणी पडलं की धगधगतं लोखंडसुद्धा निवतं. ते उकिडवे बसले आणि एकेका झाडाच्या बुडाशी तांब्या रिकामा करत गेले. घाई नाही. तीन बोटांच्या हातानं वांग्याचं खोड असं धरलेलं की एक फूल गळू नये. ज्या पिंपावर आई पडली होती त्याला त्यांनी दोन तांबे घातले. मग हात ओला करून दोडक्याच्या पानांवर शिंपडलं. मी त्यांना इतकं हळू काही करताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. मला ऐकू आलं ते एवढंच, "निवा. निवा आता."

वळले तर मी. क्षणभर चोरी पकडल्यासारखं तोंड झालं त्यांचं. मग म्हणाले, "आईला सांगू नको. उठली की बघील."

मी मान हलवली. राग होता, कान वाजत होता, पण खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला त्यांची दया आली होती. कॅन त्यांनी नीट धुऊन भिंतीला उलटा टेकवला.

बुधवारी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी म्हटलं, ऊन. गुरुवारी सकाळी मागचं दार उघडलं आणि आधी वास आला, मशीनचा, खोबरेल सडल्यासारखा. सगळं काळं पडलं होतं. वांग्यांची पानं उकडल्यासारखी खोडाला चिकटली होती, फुलं मातीवर. मिरच्या वाकल्या होत्या. दोडका मांडवावर होता, पण भोकांतून गेलेले तणावे दोऱ्यासारखे सुकले होते. मातीवर तेलाची साय, तिच्यात आभाळाचे रंग. मी दार लोटून घेतलं. पण आई तोवर उठून माझ्या मागं उभी होती.

गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यातली सुट्टी. त्या दिवशी कंपन्यांची लाइट जाते, सगळे प्रेस बंद. आठवड्यातला तेवढा एकच दिवस घर शांत असायचं, आणि त्या शांततेची आम्हाला सवय नसल्यानं ती बरी वाटायची नाही. अण्णा कोब्यावरच बसून दाढी करत होते. आरसा खिळ्याला, अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस. झाडांकडं त्यांची पाठ होती. त्यांनी झाडं बघितली नव्हती असं नाही. बघितली होती, म्हणूनच पाठ करून बसले होते. आईनं बांधलेला हात छातीशी धरला, वाकली, डाव्या हातानं पिंपातली माती उचलली आणि नाकाशी नेली. मग भिंतीशी उलटा टेकवलेला कॅन बघितला.

तिनं पदर डाव्या हाताला गुंडाळला, दोन वेढे, तीन वेढे, आणि मांडवाची एक पट्टी धरून हिसडली. तार तुटली. दोडक्याचा वाळका वेल तिच्यासोबत खाली आला.

"मला मारलंस, मारलंस," ती म्हणाली. "ह्यांनी तुझं काय केलं होतं रे?"

आईनं अण्णांना त्या दिवसापर्यंत कधी 'तू' म्हटलं नव्हतं. त्या शब्दानंच ते वळले असावेत, आणि वळले म्हणून पट्टी गालावर बसली. फेस उडाला. पांढऱ्यात एकदम लाल. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा त्यांनी वर केलेल्या हातावर. पट्टी वाकायची आणि सुटायची, वाकायची आणि सुटायची, आणि प्रत्येक वेळी भोकांतून वारा जाऊन शीळ वाजायची. आरसा फुटला. पदर चिरून आईच्याही बोटांतून रक्त येत होतं, दोघांचं एकाच पट्टीवरून ओघळत होतं. अण्णा उभे राहिले. आईपेक्षा वीतभर उंच, दांडगे. त्यांचा उजवा हात वर गेला, मूठ वळली, मी डोळे मिटायच्या तयारीत होते. आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला समजलं ते काय मागतायत. चार शब्द होते. "आई, ते वाचवायला गेले." एवढंच. जिभेवर आले होते, दातांपर्यंत आले होते. ती मला विचारतही नव्हती, पण मी बोलले असते तर तिचा हात खाली आला असता. आणि मला दिसलं की अण्णांचा हात वरच्या वर थांबला आहे, आमच्या घरात पहिल्यांदा थांबला आहे. तो थांबला तो लाजेनं. मी जर आत्ता बोलले तर ती लाज माझ्या आईची होईल, त्यांची राहणार नाही. संध्याकाळी परत नळी. रविवारी परमनंट पोरगं. मी एकोणीस वर्षांची होते आणि हे सगळं मला डोळ्याची पापणी लवावी एवढ्यात कळलं. मी ओठ मिटले. नुसते मिटले नाहीत, दातांत धरले.

त्यांचा हात खाली आला. ते पुन्हा खाली बसले. आईनं आणखी दोनदा मारलं. त्यांनी मान नुसती खाली घातली होती, बैल घालतो तशी.

"पोरगी शिकणार," आई धापा टाकत म्हणाली. "म्हण."

"शिकू दे," अण्णा म्हणाले. गालाची कातडी लोंबत होती, शब्द नीट येत नव्हता.

मग आई आत गेली, विळी घेऊन आली, पाय देऊन बसली आणि एकाच हातानं ती रबरी नळी विळीवर रेटून रेटून कापली. पडवळ चिरावं तशी, बोटबोटभर तुकडे. पारूआक्का आरडाओरडा ऐकून आली ती दारातच थबकली. "आगं बया," एवढंच म्हणाली, आणि मग अण्णांना म्हणाली, "उठा. टाकं घालाया लागत्याल. डागदरला काय सांगनार?"

"पट्टी लागली म्हणून सांगतो," अण्णा म्हणाले. खोटं नव्हतं ते.

नऊ टाके पडले. जखम भरली तेव्हा गालावर अर्ध्या चंद्रांची एक रांग उमटली होती, एकसारख्या मापाची, एकसारख्या अंतरावर. कंपनीत ती बघून कुणालाच सांगावं लागलं नाही. प्रेसवरची माणसं ती, माप डोळ्यांनी ओळखतात. "काय राव, नामदेवराव," ते म्हणायचे, "आपल्याच डायचा छाप आहे की हा! बारा नंबरचा वायसर." अण्णा हसायचे म्हणे. रविवारी पाहुणे आले नाहीत. अण्णांनीच कळवलं होतं, काय सांगून ते मला आजही माहीत नाही.

त्यानंतर त्यांनी आईच्या अंगाला हात लावला नाही, माझ्याही नाही. ते काही प्रेमळ झाले नाहीत. ताट फेकायचे, ओरडायचे, महिनाभर बोलायचे नाहीत. पण हात वर गेला की वाटेतच कुठंतरी अडकायचा. डब्यांतली माती आईनं सगळी गटारात लोटली. पावसाळ्याआधी पारूआक्का एक दिवस पहार घेऊन आली आणि तिनं स्वतःच्याच कोब्यात चार हात लांबीचा खड्डा फोडला. "डब्यात काय लावती?" ती म्हणाली. "हितं खाली माजी काळी हाय. लई ज्वारी पिकायची हिच्यात. सिमिट टाकलं म्हून ती काय मेली न्हाई." त्या मातीतली वांगी मी पुढं सहा वर्षं खाल्ली. मी बी.ए. झाले. मग बी.एड. तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं. पदवीच्या समारंभाला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले होते, गालावरची रांग सगळ्या जगाला दाखवत. घरी आल्यावर तो कागद त्यांनी तीन बोटांनी धरला आणि आईला म्हणाले, "धर. तुझं आहे." मी सरळ सांगते, मला त्या कागदाचा अभिमान आहे आणि कुणापुढं मी तो लपवणार नाही. पण तो कशावर उभा आहे हे मला माहीत होतं, आणि अण्णांना माहीत होतं, आणि तिसरं कुणाला नाही.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी रजा काढून उशाशी बसायचे. एका दुपारी आई भाजी आणायला गेली होती. मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, "अण्णा, तुम्ही तिला सांगितलं का नाहीत? कुलंटचं. वाचवायला ओतलं होतं म्हणून."

ते छताकडं बघत होते. मला वाटलं, ऐकूच आलं नाही.

"तू तरी कुठं सांगितलंस?" ते म्हणाले.

त्यांनी तीन बोटं गालावर नेली आणि एकेक चंद्र चाचपला, जप करावा तसा.

"तो मार कुलंटचा नव्हता, शोभे," ते म्हणाले. आणि कूस बदलली.

आता आई माझ्याकडं असते, चऱ्होलीला, नवव्या मजल्यावर. पंच्याऐंशी पार केली. बाल्कनीत मातीनं भरलेल्या तिच्या पिशव्या आहेत, वांगी, चुका, आणि ग्रिलवर दोडका. उजवं मनगट वाकडं ते वाकडंच राहिलं, पाणी ती डाव्या हातानं घालते, मगानं. नळी आमच्या घरात नाही. सोसायटीतल्या पोरी वेळ मिळेल तसं तिच्याकडून बाग शिकायला येतात आणि ती दर वेळी त्यांना ही गोष्ट सांगते, फार रंगवून. "त्यानं माझी झाडं मारली," ती म्हणते, "मग मी त्याला मारला." पोरी टाळ्या वाजवतात. मी आत जाऊन चहा टाकते.

इथपर्यंत लिहून झालं होतं. हे पुढचं मागाहून लिहितेय. परवा सकाळी मी बाल्कनीत बसून हेच तपासत होते, आई शेजारी मेथी निवडत होती.

"काय लिहायलीस एवढं?"

"झाडांचं. भोसरीच्या."

"मग वाचून दाखव की. मला कुठं येतंय वाचायला."

तिला वाचता येत नाही, याच भरवशावर मी ते लिहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. दोन पानं गाळून वाचता आली असती. तीस वर्षं वर्गात वाचलंय, कुठून उचलून कुठं जोडायचं ते मला येतं. पण मी सुरुवातीपासून वाचायला लागले. नळीचं वाचलं, ती हं हं करत राहिली. भरताचं वाचलं तर म्हणाली, "चुका वरून नाही, वाटतानाच घालायचा." मग मंगळवार आला. कॅन, तांब्या, निवा निवा. मेथी निवडणारे हात थांबले. मी तिच्याकडं न बघता वाचत गेले, पट्टीचं, आरशाचं, अण्णांनी माझ्याकडं बघितलं त्याचं, आणि मी ओठ मिटले त्याचं.

तिनं मला मारलं. डाव्या हातानं, गालावर, होतं नव्हतं ते सगळं बळ लावून. माझा चष्मा उडून वांग्याच्या पिशवीत पडला. उभ्या जन्मात माझ्या आईनं मला लावलेली ती पहिली थप्पड. हाताला मेथीचा वास होता.

खाली कुणाची तरी स्कूलबस हॉर्न वाजवत होती. आईचा श्वास लागला होता. मग तिनं मेथीची जुडी पुन्हा मांडीवर घेतली, एक काडी उचलली, आणि पानं खुडता खुडता म्हणाली, "पुढं वाच."

पुढं अण्णांचं ते दुपारचं बोलणं होतं. मी मातीतून चष्मा काढला, पदराला पुसला, आणि वाचायला लागले.